जिच्याऐवजी शेअर घ्यायला हवे होते, ती मी

"पोरी, तू किती धावतेस असं विचारतायत तोवर तुझं बरं चाललंय समज. ज्या दिवशी 'हिच्याऐवजी दुसरं काय घेतलं असतं' असं विचारतील, त्या दिवसापासून सावध राहा. ते आधी तुझ्यावर येतं आणि मग तुझ्या माणसावर."

हे मला एका म्हाताऱ्या टेम्पोने सांगितले होते. मिस्त्रीच्या गॅरेजबाहेर, चाके काढून त्याला विटांवर उभे केले होते. मी पहिल्या सर्व्हिसिंगला गेले होते. सीटवरचे प्लास्टिकसुद्धा अजून निघाले नव्हते. मला वाटले, चाकांबरोबर याचे डोकेही काढून घेतलेले दिसते. मी काही त्याचे बोलणे मनावर घेतले नाही.

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे. जुन्या वस्तूंनी आपली गोष्ट सांगताना डोळ्यांत पाणी आणायचे असते, अशी रीत आहे. माझा डोळा एकच, पुढचा दिवा. त्यात पाणी आहे, पण ते फुटक्या काचेतून शिरलेले आहे. बाकी मी रागावलेली आहे. फार रागावलेली आहे. आणि माझ्याजवळ वेळ थोडा आहे, कारण उद्या सकाळी मला न्यायला भंगारवाला येणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्याला आकार आला, रंग चढला, पोटात इंजिन बसले. रंग राखाडी. दुकानात माझ्या शेजारी लाल आणि निळ्या बहिणी होत्या. गिऱ्हाईक आधी त्यांच्याकडे जाई. बाबा, म्हणजे माझे मालक, मात्र सरळ माझ्याकडे आले. "राखाडी बरी. ग्रीसचे डाग दिसायचे नाहीत," असे ते म्हणाले. माझे लग्न असे जमले.

बाबा लिफ्ट दुरुस्त करत. कंपनीने त्यांना कायम करायला एकच अट घातली होती, स्वतःची गाडी हवी. साठवलेले सगळे पैसे आणि आईच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, दोन बांगड्या घालून त्यांनी मला घरी आणले. हे नीट लक्षात ठेवा, मित्रांनो. मी हौस म्हणून आले नव्हते. मी आले म्हणून नोकरी आली.

मग आम्ही दोघे शहरभर हिंडलो. पुढे पायाशी हत्यारांची पिशवी, मागे तारेचे वेटोळे. लिफ्ट मध्येच अडकली की आतला माणूस देवाला हाका मारतो आणि बाहेरचा बाबांना. देवाचे ठाऊक नाही, बाबा मात्र येत. एकदा एका इमारतीत एक बाई तान्ह्या बाळासह अडकली होती. ती आतून दार बडवत होती. बाबांनी खालूनच ओरडून सांगितले, "ताई, मी आलोय! गाडी खाली लावलीय, आता तुम्हाला काढल्याशिवाय तीसुद्धा जागची हलायची नाही!" आतली बाई रडता रडता हसली. तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढले, म्हणजे पत्रा चढला म्हणा.

मला एक खोड होती. थंडीत मी सुरू होत नसे. मग बाबा मला उजव्या कुशीवर आडवी कलंडवत, पेट्रोल उतरू देत, उभी करत आणि एकच किक मारत. "हिला जरा आडवं व्हायला लागतं सकाळी. तुझ्यासारखंच," असे ते आईला म्हणत. आई म्हणे, "पण मला नंतर किक मारावी लागत नाही!"

आईला कळा सुरू झाल्या तेव्हा रिकामी गाडी मिळेना. ती माझ्यावरच बसून दवाखान्यात गेली. मी आयुष्यात कधी इतकी हळू चालले नाही. प्रत्येक खड्डा मला आधी दिसत होता. मुलगा झाला. पुढे तो माझ्या हँडलला धरून पुढ्यात उभा राहू लागला. वळणावर त्याचा पाय चाकाकडे जातो की काय, या धास्तीने माझा ब्रेक नेहमी अर्धा दाबलेलाच असे. ज्यांनी पोर सांभाळले आहे, त्यांना ही धास्ती सांगावी लागणार नाही. शाळा, क्लास, परीक्षा, कॉलेजचे प्रवेश, सगळीकडे तो माझ्यावरून गेला. त्याच्या कॉलेजची फी बाबांनी सुट्टीच्या दिवशी अडकलेल्या लिफ्टा काढून भरली. आई गेली, त्या दिवशीही बाबा दवाखान्यातून माझ्यावरूनच परत आले. मागची सीट रिकामी होती आणि तरी ते पूर्वीसारखे पुढे सरकून बसले होते, तिला जागा ठेवून.

असे आमचे चालले होते. बाबा निवृत्त झाले. मुलाचे लग्न झाले, सूनबाई आल्या, नात झाली. नातीला सगळे टिल्ली म्हणतात. तीही माझ्या हँडलला धरून पुढ्यात उभी राहू लागली. मला वाटले, आपले बरे चालले आहे.

मग तो रविवार आला.

मुलाच्या ऑफिसातला एक मित्र आला होता. पार्किंगमध्ये मला पाहून तो थबकला. "अरे, ही तर त्या कंपनीची! किती साली घेतली?" मुलाने साल सांगितले. मित्राने फोन काढला, बोटे चालवली आणि शीळ घातली. "काय सांगतोस काय! त्या साली गाडीऐवजी याच कंपनीचे शेअर घेऊन ठेवले असते ना, तर आज दोन कोटींच्या वर झाले असते."

 मग मुलगा मोठ्याने हसला. "बाबा! म्हणजे तुम्ही एवढी वर्षं दोन कोटींवर बसून हिंडलात की!"

सगळे हसले. बाबाही हसले. पण हसताना त्यांनी माझ्या हँडलवरचा हात काढून घेतला. इतरांना ते दिसले नाही. मला दिसले.

विटांवरचा टेम्पो मला तेव्हा आठवला.

एखादी थट्टा एकदा केली तर थट्टा असते. रोज केली तर ती काय असते, हे तुम्ही घरातल्या मोठ्यांना विचारा. मुलगा पाहुण्यांना मुद्दाम पार्किंगमध्ये आणू लागला. "ही बघा आमची दोन कोटींची खटारा. बाबांनी निवडून आणलेली." पाहुणे हळहळत. "अरेरे! त्या वेळी कोणी सांगणारं नव्हतं का हो तुम्हाला?" मग बाबा खाली बघून म्हणत, "नव्हतं खरं." जणू काही त्यांच्या हातून घर जळाले होते.

समोरच्या दारात टपालखात्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. ते एकदा भाजीची पिशवी घेऊन चालले होते, ते थांबले. म्हणाले, "माझंही गणित कर की रे. मी दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली होती त्याच साली, आणि वर तिचे शेअरही घेतले होते. गाडी मोडली. कंपनी बुडाली. शेअर मात्र शाबूत आहेत हं! कपाटाच्या तळाला अंथरलेत. झुरळं कमी झाली, एवढा परतावा मिळाला."

मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही चुकीची कंपनी निवडलीत."

"तेव्हा कुठे कुणी पाटी लावून ठेवली होती बाबा, बरोबर कोणती अन् चुकीची कोणती," काका म्हणाले आणि जिना चढू लागले.

त्यांची ती गाडी माझ्या शेजारीच उभी असे. खरे सांगते, ती माझ्यापेक्षा सरस होती. थंडीतही पहिल्या किकला सुरू होई. मला तिचा हेवा वाटे. आज तिच्यासाठी कोणी फोनवर बोटे चालवत नाही. बुडालेल्या कंपनीचे 'असते तर' कोणी काढत नाही, मित्रांनो. जी एक तगली, तिच्याच मागे सगळे जण डोळे लावून उलटे चालत जातात आणि म्हणतात, बघा, रस्ता किती सरळ होता!

आणि आमचा रस्ता तरी कुठे सरळ होता? मधल्या एका वर्षी आमची कंपनीही गाळात गेली होती. एक कारखाना बंद पडला होता. माझी क्लचची तार मिळायला महिना लागला होता. शेअर कवडीमोल झाले होते. त्याच वर्षी आईचे ऑपरेशन होते. बाबांनी तेव्हा शेअर विकले असते की नाही? विकलेच असते! मिळेल त्या भावाने विकले असते आणि कोणत्याही शहाण्या माणसाने तेच केले असते. पण फोनच्या गणितात आई आजारी पडत नाही. त्या गणितात कोणी जन्मत नाही, कोणाची फी भरायची नसते. तिथे एक बिनपोटाचा, बिनघराचा माणूस पैसे ठेवतो आणि तितकी वर्षे श्वास रोखून बसून राहतो.

आणि मला सर्वांत जास्त चीड कशाची येते, सांगू? मी नसते तर नोकरी नसती. नोकरी नसती तर फी नसती. ज्या बोटांनी मुलगा माझ्याऐवजी काय झाले असते ते मोजतो, त्या बोटांना मोजायला मीच वाहून नेऊन शिकवले आहे! लांब बाह्यांचा शर्ट घालून तो ऑफिसात बसतो, त्या शर्टाच्या धाग्याधाग्यात माझा धूर आहे. कृतघ्न हा शब्द शाळेच्या पुस्तकात वाचला असेल तुम्ही. अर्थ कळला नसेल तर आमच्या पार्किंगमध्ये या.

बरे, ती भाषा घरभर पसरली. टिल्लीला तर तो खेळच मिळाला. ती आपल्या बापाला विचारी, "बाबा, या फुग्याऐवजी शेअर घेतले असते तर? या चपलांऐवजी?" मुलगा कौतुकाने मोजून सांगे. एकदा सगळे बाहेर निघाले होते. टिल्ली माझ्या पुढ्यात उभी राहून म्हणाली, "बाबा, माझ्याऐवजी शेअर घेतले असते तर?"

मुलगा हसू लागला. सूनबाई हसल्या नाहीत. त्यांच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली. "पुरे!" त्या म्हणाल्या. "आजपासून या घरात 'असतं तर' कुणी म्हणालं तर याद राखा. पोर काय बोलतेय ऐकताय का तुम्ही?"

"अगं, गंमत करतेय ती."

"गंमत? बाबांकडे बघा जरा. एकदा तरी बघा!"

मुलाने बघितले. बाबांनी चटकन रुमालाने माझा आरसा पुसायला घेतला. "माझं काही नाही, बाई," ते म्हणाले. "पोराचं खोटं थोडंच आहे?"

तिथेच ते हरले. आपल्याच आयुष्याला चूक समजून बसले.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन शेअरच्या ऑफिसात गेले. कोणालाही न सांगता. ऑफिस तळमजल्याला होते आणि मला दाराशीच स्टँडवर लावले होते, म्हणून सगळे मला ऐकू आले. निवृत्तीच्या वेळी मिळालेले सगळे पैसे त्यांनी त्या एकाच कंपनीत घालायला सांगितले. माझ्या कंपनीत! तिथला माणूस भला होता. म्हणाला, "काका, सगळे एकाच टोपलीत का? थोडे इथे, थोडे तिथे ठेवा. थोडे हाताशी असू द्या. तुमचं वय..."

"वयाचं काय?" बाबा म्हणाले. "माझ्यासाठी नाहीच आहे ते. नात मोठी झाली की तिला कुणी म्हणायला नको, तुझ्या आजोबांना दुसऱ्यांदाही अक्कल आली नाही."

एवढ्यावर थांबले असते तरी मी गप्प बसले असते. पण पुढे दर महिन्याला पेन्शन आली की आमची फेरी तिकडे होऊ लागली. आहे त्यात आणखी भर. ती भर आणायची कुठून? आधी त्यांनी कोपऱ्यावरचा चहा सोडला. मग चष्म्याची काच बदलायची सोडली. आणि मग, मित्रांनो, त्यांनी औषधांच्या दुकानासमोर थांबायचे सोडले.

बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. रोजच्या. त्या दुकानासमोर मी इतकी वर्षे थांबत आले की तिथे माझे चाक आपोआप वळते. पहिल्यांदा ते सरळ पुढे गेले तेव्हा मला वाटले, विसरले. पुढच्या महिन्यात दुकानातल्या बाईंनीच हाक मारली, "काका, अहो काका! गोळ्या न्यायच्या नाहीत का?"

बाबा माझ्यावर बसूनच म्हणाले, "मुलगा आणतो हो आता. त्याच्या ऑफिसजवळ स्वस्त मिळतात."

आणि घरी सूनबाईंनी विचारले तेव्हा म्हणाले, "आणल्या की. आजच आणल्या." सूनबाईंचा स्वभाव काळजीचा आहे. त्या पाकीट दाखवा म्हणाल्या. बाबांनी वरून जुने रिकामे पाकीट आणून दाखवले. "हे संपलं, दुसरं फोडलंय." ही दोन्ही उत्तरे ऐकलेली एकच जण आहे. मी. आणि मला तोंड नाही, नुसता हॉर्न आहे. तोही आता वाजत नाही.

एकदा सिग्नलला उभे असताना ते माझ्याशीच बोलले. पूर्वी बोलत, तसे. "एका पाकिटाचे पैसे पंचवीस वर्षं ठेवले तर किती होतील, ठाऊक आहे का तुला?" मला ठाऊक नाही. पण पंचवीस वर्षे सोडा, त्या पाकिटावाचून पुढचे पंचवीस दिवस कसे जातील, हे मला ठाऊक होते. माझ्या हँडलवर त्यांचा हात असतो. त्याची पकड सैल पडते तेव्हा मला डॉक्टरांच्या आधी कळते.

आज दुपारी आम्ही टिल्लीला शाळेतून आणायला निघालो. शाळेच्या अलीकडच्या वळणावर बाबांची पकड एकदम सुटली. ब्रेक दाबला गेला नाही. मी होता होईल तेवढी भिंतीकडे झुकले, अंग घासून घेतले आणि थांबले. बाबा फुटपाथवर बसले. डोळे मिटलेले, कपाळावर घाम. एक बाई पाणी घेऊन धावली. ते म्हणाले, "काही नाही, काही नाही, ऊन आहे." ऊन नव्हते.

परतीच्या वाटेवर झाले असते तर टिल्ली पुढ्यात उभी असती. माझ्या आयुष्यातला एवढा एकच 'असते तर' आहे. तो मात्र कोणी मोजत नाही.

बाबांनी मला हाताने ढकलत शाळेपर्यंत नेले, मग टिल्लीला शेजारी चालवत आम्हा दोघींना घरी आणले. खरचटलेला पत्रा पाहून मुलगा ओरडला, "काय झालं?" बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "चाक घसरलं हिचं."

माझे चाक! मी इतक्या वर्षांत त्यांना एकदाही पाडलेले नाही.

"तरी मी सांगत होतो," मुलगा म्हणाला. "हिच्यावर पोरीला बसवायचं? विकून टाका ही खटारा. मी भंगारवाल्याला उद्याचं सांगतो." बाबा नुसते जिना चढून गेले. मध्ये दोनदा थांबले. ते मला खालून ऐकू आले.

थोड्या वेळाने सूनबाई एकट्याच खाली आल्या. माझ्या मागच्या चाकाशी उकिडव्या बसल्या आणि टायरवरून बोट फिरवले. ते टायर नवे आहे. टिल्ली पुढे उभी राहते म्हणून त्यांनीच हट्ट करून बसवून घेतले होते. बोट नक्षीत नीट रुतत होते. "हे कसं घसरेल?" त्या पुटपुटल्या. मी जीव एकवटला. सूनबाई, अजून थोडे पुढे! हँडलला हात लावा! चाक नाही, हात सुटला होता! पण वरून टिल्लीने "आई!" म्हणून भोकाड पसरले आणि त्या धावल्या. आया अशाच अर्ध्या विचारावरून उठून धावतात. उरलेला अर्धा विचार त्यांना सापडेल की नाही, कोण जाणे.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणणार नाही. मला खुशाल भंगारात घाला. माझा पत्रा वितळेल, त्याचे काहीतरी होईल. उद्या त्या शेअरचा भाव दुप्पट झाला तरी माझा राग जाणार नाही आणि निम्मा झाला तरी मला आनंद होणार नाही. तुमच्या घरातही कोणीतरी असेल, ज्याला येताजाता हसत हसत सांगितले जाते की तू हे घेतलेस त्याऐवजी ते घ्यायला हवे होतेस. तो हसला म्हणून त्याला लागले नाही असे समजू नका. त्याने हात कुठून काढून घेतला, ते बघा.

आणि त्याआधी माझे एक काम करा. मला जिना चढता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तिसरा मजला, जिन्यासमोरचे दार. बाबा स्वतः दार उघडतील. "या, बसा, पाणी घ्या," म्हणतील. बसू नका. म्हणा, "काका, गोळ्या दाखवा." ते हसतील आणि एक पाकीट आणून दाखवतील.

हातात घेऊन बघा. ते रिकामे असेल.

"भरलेलं दाखवा," म्हणा. आणि ते दाखवीपर्यंत दारातून हलू नका.